मदत हवी आहे: शुगर आहे, कातडी आवळलीय, सुंता करावी का?

रामराम मंडळी. यावल तालुक्यातला आहे, वय 41. सावदा-रावेरहून केळीच्या गाड्या दिल्लीला नेतो. आयडी नवीन काढलाय, का ते वाचून कळेलच.

शुगर आहे. लिंगाच्या पुढच्या कातडीला सारखी खाज, चिरा पडतात, आणि आता ती मागे सरकतच नाही. जळगावचे सर्जन म्हणाले, सुंता करून घ्या. आईला कळलं तर 'आपल्यात असं करतात का' म्हणून घर डोक्यावर घेईल, ते मी बघतो. पण लाइनवरचा एक भाऊ म्हणे, करून टाक, मग एड्स नाही, कॅन्सर नाही, निरोधचीही कटकट संपली. खरं आहे का हे?

उत्तर १
भाऊ, मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. सोबत्याचं अर्धवट ऐकलेलं आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात मोठ्या चाचण्या झाल्या, निकाल 2005 ते 2007 मध्ये आले. बाईकडून पुरुषाला एचआयव्ही लागण्याचा धोका सुंतेमुळे सुमारे 60 टक्के कमी झाला. कमी झाला, संपला नाही. एचपीव्ही (चामखिळी आणि काही कॅन्सर आणणारा विषाणू) आणि नागिणीसारखे फोड आणणारा जननांगाचा हर्पिसही काहीसा कमी होतो. गरमी-परमा (सिफिलिस-गोनोरिया) यांपासून वाचाल असा भरवसा धरू नका. आणि पुरुषाला आधीच एचआयव्ही असेल तर सुंतेने बायको वाचते असं दिसलेलं नाही. निरोध सोडायचा नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर लिंगाचा कॅन्सर मुळातच कमी लोकांना होतो. लहानपणी सुंता झालेल्यांत तो फारच कमी दिसतो, मोठेपणी केल्याने तेवढा फायदा मिळत नाही. पण आवळलेली कातडी, तिथली अस्वच्छता आणि तंबाखू यांनी त्याचा धोका वाढतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत ऑपरेशनला अर्थ आहे. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर कापलेला तुकडा तपासायला पाठवा म्हणून सर्जनना आठवण करा.

उत्तर २
शुगरच्या गोळीचं पान बघा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते, त्याने तिथे बुरशी वाढते. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता
तीच गोळी चालू आहे! हे कोणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशननंतर गाडीवर कधी बसता येईल?

उत्तर १
ते सर्जन जखम बघून ठरवतील. संबंध मात्र सहा आठवडे नाही. जखम ओली असताना धोका उलट वाढतो. आधी शुगर आटोक्यात आणा, आणि जमलं तर मे टाळा, आपल्याकडच्या घामात पट्टी कोरडी राहत नाही.