स्लाइडवर आखलेले भाग नंतर शोधता यावेत, यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या स्कॅन केलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर गाठीची सीमा आखून तिला निदान, श्रेणी अशी माहिती जोडायची आणि पुढे तिच्यावरून सर्व प्रतिमांमध्ये शोध घ्यायचा आहे. मोफत पर्याय सुचवावा.

उत्तर १ : आखणीसाठी क्यूपाथ हे स्लाइडच्या प्रतिमा तपासण्याचे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. प्रत्येक भागाला वर्ग देता येतो आणि आखलेल्या आकृत्या जिओजेसनमध्ये (आकृत्या मजकुराच्या रूपात साठवणारा फाइल-प्रकार) बाहेर काढता येतात, त्यामुळे त्या डेटाबेसमध्ये भरून हवा तसा शोध घेता येतो.

उत्तर २ : अनेकजण एकाच संग्रहावर काम करणार असतील, तर ओमेरो हा प्रतिमा एकत्र साठवून सर्वांना वापरता येणारा मोफत सर्व्हर पाहावा. मात्र वर्गांची नावे आधीच ठरवावीत, अन्यथा शोधात बरेच भाग निसटतात. माझ्या मते स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या प्रमाणित यादीचे संकेतांक सर्वांत भरवशाचे.

उत्तर १ : आणखी एक. स्लाइडच्या लेबलचे छायाचित्र अनेकदा प्रतिमेच्या फाइलमध्येच असते. त्यावर रुग्णाचे नाव असल्यास ते आधी काढावे.