हुकूमनामा हाती आहे, पण ऋणकोचे पैसे दुसऱ्याकडे आहेत

प्रश्न (सूत व्यापारी, इचलकरंजी):
एका यंत्रमागधारकाविरुद्ध सुताच्या थकबाकीचा ३,८५,००० रुपयांचा हुकूमनामा (पैसे देण्याचा न्यायालयाचा निकाल) मला मिळाला आणि मी दरखास्तही (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल केली. परंतु बेलिफ जप्तीला गेला तेव्हा माग बँकेकडे तारण असल्याचे आणि घर पत्नीच्या नावावर असल्याचे कागद त्याच्यापुढे ठेवण्यात आले. हाच माणूस एका कापड पेढीचे काम मजुरीवर करतो आणि तिच्याकडून त्याची बरीच बिले येणे आहेत. ते पैसे त्याच्या हाती पडण्यापूर्वी मला मिळवता येतील का?

उत्तर (दिवाणी वकील):
होय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६ खाली प्रथम त्या येण्याची जप्ती मागा. ती पेढीने ऋणकोला (येथे मागधारकाला) पैसे देऊ नयेत अशा मनाई हुकुमाने होते. तो बजावल्यानंतरही पेढीने ऋणकोला पैसे दिले, तर कलम ६४ नुसार ते देणे तुमच्या हक्काच्या आड येत नाही. मग नियम ४६-ए प्रमाणे पेढीला गार्निशी नोटीस (ऋणकोचे देणे लागणाऱ्या त्रयस्थाला काढायची नोटीस) काढण्याचा अर्ज करा. पेढी ऋणकोचे देणे लागते असा आपला विश्वास आहे, हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते; तिच्या वह्या तुमच्याजवळ असण्याची अट नाही. नोटीस मिळूनही पेढीने पैसे भरले नाहीत आणि ती हजरही राहिली नाही, तर न्यायालय तिला रक्कम भरण्याचा आदेश देऊ शकते आणि तो तिच्याविरुद्धच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. तिने देणेच नाकारले, तर मात्र न्यायालयाला वादाचा मुद्दा ठरवून पुरावा घ्यावा लागतो, आणि अर्जदार अडतो तो बहुधा येथेच. म्हणून बिलांचे क्रमांक, तारखा व डिलिव्हरी चलने आधीच जमवा. न्यायालयात भरलेली रक्कम ऋणकोला फेडल्यासारखीच धरली जाते, हे पेढीला समजले तर ती विरोध करण्याची शक्यता कमी होते.

उत्तर (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी):
अर्जात ‘मजुरी’ हा शब्द कृपया लिहू नका. आपल्याकडे मागधारकाच्या बिलालाही मजुरीच म्हणतात. परंतु कलम ६० मजुरांची मजुरी जप्तीतून वगळते आणि समोरचा वकील नेमका तोच शब्द धरेल. ‘जॉबवर्कच्या बिलांचे येणे’ असे लिहा. शिवाय कापड विणून पोहोचते केले असेल तेवढ्याचेच देणे उभे राहते. मागावर अजून बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढायचे आहे त्या कामाचे पैसे जप्त होत नाहीत. बँकेतही चालू खात्यातील शिल्लक जप्त करता येते, मात्र कॅश क्रेडिट (उचल घेण्याच्या) खात्यात बाकी नावे असेल तर बँकच त्याची धनको असते आणि तेथे हाती काही लागत नाही.

प्रश्नकर्ता:
दोन चलनांच्या प्रती मला टेम्पोवाल्याकडून मिळाल्या आहेत. परंतु त्याचे आणखी कोणाकडे येणे असेल तर ते कसे कळावे?

उत्तर (दिवाणी वकील):
हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकीत राहिली असल्यास नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागवता येते. तो आदेश न पाळल्यास ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्जही करा, पण जप्तीचा अर्ज त्यासाठी थांबवू नका. पेढीने पुढचे बिल चुकते करण्याच्या आत तुमचा मनाई हुकूम तिच्या हाती पडला पाहिजे.