पुरुषांनी केवळ रूपासाठी नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

उंबरठा (धागाकर्ता)
नाकाचा पडदा वाकडा असून श्वास कोंडतो म्हणून पुरुषाने शस्त्रक्रिया करून घेतली, तर नातेवाईक रुग्णालयात डबा घेऊन येतात. मात्र नाकावरचा उंचवटा नकोसा वाटतो म्हणून तोच शल्यविशारदाकडे गेला, तर 'पुरुषासारखा पुरुष आणि हे कसले चोचले' असे ऐकवले जाते. सज्ञान माणसाने धोके समजून घेऊन आणि स्वतःच्या पैशाने हा निर्णय घेतला असेल, तर त्यात कमीपणा कसला? इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा गाडीवान १७९२ मध्ये टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने पुण्याकडे त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापून आले. हेच वर्णन पुढे युरोपातील शल्यविशारदांना मार्गदर्शक ठरले. म्हणजे या विद्येचा गाजलेला रुग्ण पुरुषच होता.

शुक्रवारकर
उदाहरण रंजक आहे, पण इथे ते गैरलागू आहे. कावसजीचे नाक शत्रूने कापले होते. त्याला गेलेले परत हवे होते, असलेले बदलायचे नव्हते. हा फरक आपला कायदाही मानतो. जन्मजात व्यंग किंवा अपघात यांमुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, तर निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के कर पडतो. आरोग्य विमाही तिचा खर्च सहसा देत नाही.

उंबरठा
कर कशावर बसावा, हा सरकारच्या तिजोरीचा प्रश्न झाला. त्यावरून माणसाची गरज खरी की खोटी हे ठरत नाही. आपल्याला धडधाकट नाकाचेच उदाहरण हवे असेल, तर बर्लिनमधील शल्यविशारद जाक जोसेफ यांचे घ्या. १८९८ मध्ये त्यांनी ज्या तरुणाचे नाक लहान केले, त्याला श्वासाचा त्रास नव्हता. लोक नाकाकडे पाहतात म्हणून तो चारचौघांत जाणेच टाळत असे.

शुक्रवारकर
त्याच बर्लिनमध्ये ज्यूद्वेष बोकाळला होता आणि जोसेफ यांच्याकडे, जे स्वतः ज्यू होते, येणाऱ्यांत अनेक ज्यू होते, हे आपण सोडून दिलेत. विखार समाजात होता आणि सुरी मात्र नाकावर चालली! आज विवाहमंडळात छायाचित्र पाठवण्यापूर्वी नाक घडवून घेणाऱ्या मुलाची गोष्ट मला फारशी वेगळी वाटत नाही.

मोरपंखी
मी कान-नाक-घसा विभागात काम करते, त्यामुळे पुरुषत्वाची चर्चा बाजूला ठेवते (तिचा कंटाळाही आला आहे). माझा आक्षेप घाईला आहे. पुरुषांची त्वचा बहुधा जाड असल्यामुळे आतला बदल बाहेर दिसायला वेळ लागतो आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही जाते. आठवडाभराने पट्टी निघाली की आरशात जे दिसते ते अंतिम नसते, तरीही रुग्ण त्याच दिवशी निकाल लावून मोकळा होतो. शिवाय पुरुषाच्या नाकाचा कणा सरळ ठेवायचा असतो. तो खोलगट केला किंवा शेंडा जास्त उचलला, तर चेहऱ्याला ते नाक शोभत नाही. कूर्चा (नाकातील मऊ, लवचिक हाड) बेताबाहेर कापली, तर नाकपुड्या आत खेचल्या जातात आणि सुंदर नाकाने श्वास घेणे अवघड होते. एखाद्याला नगण्य दोषही सतत छळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, कारण अशा रुग्णांचे समाधान शस्त्रक्रियेने बहुधा होत नाही आणि ते पुन्हा पुन्हा टेबलावर येत राहतात.

उंबरठा
मोरपंखी यांचे म्हणणे मान्य आहे, मात्र त्यावरून नीट तपासून शस्त्रक्रिया करावी एवढेच निघते, करू नये असे निघत नाही.

शुक्रवारकर
तपासणार कोण? ज्याला शस्त्रक्रियेचे पैसे मिळणार आहेत, तोच ना?