डिसॅबिलिटी पेन्शन: बोर्डानं 'नाही' लिहिलं की गप्प बसायचं?

कोरेगावकर
काल इथे एकानं लिहिलं, "बीपी-शुगर काय शत्रूच्या गोळीनं होते का? बोर्डानं नाही म्हटलं की घरी बसावं, कोर्टात जाऊन सरकारचा पैसा लाटू नये." वाचून डोकं फिरलं.

माझ्या धाकट्या भावाला भरतीवेळी फौजेच्याच डॉक्टरांनी नखशिखांत तपासून घेतलं होतं. उंचावरची पोस्टिंग करून आला आणि पुढच्या युनिटात बीपी निघालं. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौज सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं, 30 टक्के अपंगत्व लिहिलं, शेजारच्या रकान्यात 'सेवेशी संबंध नाही, पीस एरियात (सीमेपासून दूर, शांत भागात) सुरुवात'. पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र आलं ते गावातल्या दुसऱ्या एका जवानाच्या पत्राशेजारी ठेवून बघितलं. आजाराचं नाव सोडलं तर स्वल्पविरामसुद्धा तोच.

धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं, तसं नाही हे सरकारनं दाखवायचं, आणि बोर्डानं कारणं लिहायची. 'पीस एरिया' हे कारण कसं होतं?

निवृत्त सुभेदार
भाऊ, अर्धंच सांगू नका. 2019 चा नरसिंग यादवचा निकालही वाचा. भरतीत दिसलं नाही म्हणून नंतरचा प्रत्येक आजार नोकरीच्या माथी मारता येत नाही, बोर्डाच्या मताला किंमत आहे, हेही त्याच कोर्टानं म्हटलंय. मी पाय गमावलेली पोरं बघितलीत. त्यांच्याच रांगेत शुगरवाले उभे राहिले की मला पटत नाही.

कोरेगावकर
नरसिंग यादवचं प्रकरण स्किझोफ्रेनियाचं होतं, तो भरतीच्या तपासणीत सापडणं अवघड. बीपीचा पट्टा दंडाला बांधला की आकडा दिसतो, साहेब. पाय गमावलेल्यांचा हक्क कुणी काढून घेत नाहीये.

सांगलीचा शिपाईगडी
जवानांनी आपसात कशाला भांडायचं? डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. म्हणजे तेच बीपी, तेच 30 टक्के, पण अफसराच्या हातात रुपये कितीतरी जास्त! सातव्या वेतन आयोगानं ठराविक रकमा सुचवल्या, त्यातही 100 टक्के अपंगत्वाला अफसर 27,000, जेसीओ (सुभेदार वगैरे) 17,000, जवान 12,000. मग तेही बारगळलं आणि टक्केवारीच राहिली. आजाराला हुद्दा असतो का?

निवृत्त सुभेदार
हे मात्र खरं बोललात. निवृत्तीच्या तोंडावर कोण कशासाठी लो मेडिकल कॅटेगरीत (तब्येतीच्या खालच्या वर्गात) जातं, हे युनिटातल्या क्लार्कला विचारा.

मेजरची बायको
पुरे झालं! माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक ड्यूटीवर आला. लोक म्हणाले, अफसर आहे, पार्ट्यांमुळे झालं असेल. रात्री-अपरात्री फोन, बदल्या, दर दोन वर्षांनी मुलांची नवी शाळा. हे सगळं मी बघितलंय, तुमच्या क्लार्कनं नाही.

सांगलीचा शिपाईगडी
वहिनी, साहेबांना मिळालं त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या शेजारच्याला अजून मिळालं नाही, ही तक्रार आहे. आणि तुम्हाला वकील परवडतो.

मेजरची बायको
आम्हीही कर्ज काढूनच लढलो. पण वकिलाचं म्हणाल तर बरोबर आहे, जवानाच्या घरी ते जास्त जड जातं.

कोरेगावकर
मुद्दा अपिलाचा होता हो! अफसर-जवान वेगळा धागा काढा.

रेकॉर्ड ऑफिसचा जुना बाबू
अपिलावर कुणीच बोलेना म्हणून लिहितो. बोर्डाच्या कागदांची पूर्ण नक्कल माहिती अधिकारात मागवा. नुसत्या पत्रावर अपील लिहू नका, कारणाचा रकाना कोरा की भरलेला यावरच सगळं अडतं. पहिलं अपील फेटाळल्यावर दुसरं असतं, तिथेही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या तंट्यांचं वेगळं न्यायाधिकरण. आपल्याकडे मुंबई बेंच. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तरी तिथे जाता येतं. आणि राम अवतार निकालामुळे (2014) 30 टक्के अपंगत्वाचे 50 धरले जातात, म्हणजे पगाराच्या 9 ऐवजी 15 टक्के. मात्र सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, जुने निकाल त्यांनी डोळे झाकून चिकटवू नयेत.

निवृत्त सुभेदार
बाबूंचं ठीक आहे. कोरेगावकर, भावाच्या बोर्डात कारण खरंच लिहिलेलं नसेल तर लढू दे त्याला. शुगरबद्दलचं माझं मत तेच आहे.

कोरेगावकर
मत ठेवा साहेब. बाबू, त्याला 2016 साली डिस्चार्ज मिळालाय. एवढा उशीर चालेल का?

रेकॉर्ड ऑफिसचा जुना बाबू
उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा. पण थकबाकी साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, 2008 चा तरसेम सिंग निकाल. म्हणून आता एक महिनाही घालवू नका.