७००डी आणि ५५-२५० नंतर काय: आधी बॉडी बदलावी की टेलिफोटो झूम?

रानवाट (धागाकर्ता):

नमस्कार. सहा वर्षांपासून मी कॅनन ७००डी आणि त्यासोबत ५५-२५० मिमी एसटीएम ही झूम लेन्स वापरत आहे. सुरुवातीला जे समोर येईल ते टिपत असे. गेल्या दोन वर्षांत मात्र सगळा ओढा पक्ष्यांकडे वळला आहे. सुटीच्या दिवशी पहाटे पाणवठ्याच्या काठी जाऊन बसायचे आणि खंड्या, बगळे, धोबी व वर घिरट्या घालणाऱ्या घारी टिपायच्या, हा आता ठरलेला कार्यक्रम झाला आहे.

अडचणी दोन आहेत. पलीकडच्या काठावरच्या फांदीवर बसलेला खंड्या २५० मिमीवरही चौकटीत इतका लहान येतो, की घरी येऊन फोटो कातरला असता पिसांच्या जागी निळसर डाग तेवढा उरतो. दुसरी अडचण तो सूर मारतो तेव्हाची आहे. रॉ स्वरूपात (म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत) शटर दाबून धरले की पाच-सहा फोटोंनंतर कॅमेरा अडखळतो, मागचा लाल दिवा लुकलुकत राहतो, आणि तो विझेपर्यंत स्वारी मासा घेऊन फांदीवर परतलेली असते.

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स दोन्ही एकदम घेणे शक्य नाही. बॉडी घ्यायची तर ८०डी किंवा वापरलेली ७डी मार्क २, आणि लेन्स घ्यायची तर कॅननची १००-४०० (दुसरी आवृत्ती) किंवा सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी, असे पर्याय डोळ्यांपुढे आहेत. जाणकारांनी आधी काय बदलावे हे सांगावे. शिवाय सगळे जग मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, चालले असताना आरशाच्या डीएसएलआरमध्ये पैसे घालणे शहाणपणाचे आहे का, हाही प्रश्न मनात आहे.

जुनी काच:

तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर साध्या गणितात आहे, आणि बॉडी घ्यायला निघालेला माणूस नेमके हेच गणित करायचे विसरतो. समजा, तुमच्या खंड्याची चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी २५० मिमीवर ३०० पिक्सेल भरते. ७००डीचा सेन्सर १८ मेगापिक्सेलचा आहे. त्याऐवजी २४ मेगापिक्सेलची ८०डी घेतली, तरी मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप असल्यामुळे लांबीत फरक जेमतेम १५ टक्क्यांचा पडतो आणि तोच पक्षी सुमारे ३४५ पिक्सेलचा होतो. ७डी मार्क २ चा सेन्सर २० मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे तिथे वाढ त्याहूनही कमी. उलट बॉडी तीच ठेवून ४०० मिमीची लेन्स लावली तर तोच पक्षी ४८० पिक्सेलचा होतो आणि ६०० मिमीवर ७२० पिक्सेलचा. क्षेत्रफळात मोजायचे तर ४०० मिमीवर पक्ष्याच्या वाट्याला अडीच पटींहून अधिक पिक्सेल येतात आणि ६०० मिमीवर पावणेसहा पट. कुठलीही नवी बॉडी एवढी मजल मारू शकत नाही.

‘क्रॉप सेन्सरमुळे (लहान सेन्सर चौकट कातरतो म्हणून) १.६ पट फायदा’ ही गोष्ट इथे विसरून जावी, कारण तुम्ही नोंदवलेल्या सर्व बॉडींचा सेन्सर त्याच आकाराचा आहे आणि तो फायदा तुम्ही पहिल्या दिवसापासून घेतच आहात.

लांब लेन्स एवढी जड का असते, याचेही उत्तर भागाकारात सापडते: लेन्सच्या मिमीला एफच्या आकड्याने भागले की तिच्या भोकाचा व्यास मिळतो. २५० मिमीला एफ/५.६ म्हणजे सुमारे ४५ मिमी व्यासाचे प्रवेशद्वार, ४०० मिमीला एफ/५.६ म्हणजे ७१ मिमी, आणि ६०० मिमीला एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी. सिग्माच्या त्या लेन्सला ९५ मिमीचा फिल्टर लागतो तो उगीच नव्हे. तुमची ५५-२५० अवघी ३७५ ग्रॅमची आहे, तर १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलोच्या घरात जाते. हा फरक कागदावर वाचून कळत नाही. तासभर खांद्यावर वागवला की कळतो.

मिररलेसविषयी एवढेच म्हणेन, की २०२० नंतर कॅननने नवा डीएसएलआर आणलेला नाही हे खरे, पण ईएफ माउंटच्या (कॅननच्या डीएसएलआरच्या जोडणीच्या) लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस बॉडींवर ऑटोफोकससह चालतात. त्यामुळे आज घेतलेली चांगली लेन्स उद्याच्या बॉडीवरही कामाला येईल. डीएसएलआर बॉडीबाबत असे म्हणता येत नाही. आधी लेन्स घ्यावी, हे माझे स्पष्ट मत.

उडता बगळा:

‘जुनी काच’ यांचे गणित बिनचूक आहे, परंतु ते बसलेल्या पक्ष्याचे गणित आहे. उडत्या पक्ष्याला किती पिक्सेल मिळाले यापेक्षा त्याच्यावर फोकस राहिला की नाही, हा प्रश्न आधी येतो. ७००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि ते चौकटीत विरळ पसरलेले आहेत. बगळा एका बिंदूवरून निसटून दुसऱ्यावर पोहोचेपर्यंत कॅमेरा मागची झाडी पकडून मोकळा होतो. ७डी मार्क २ मध्ये ६५ बिंदू आहेत, सगळे क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारे), आणि सेकंदाला दहा फोटो निघतात. मी स्वतः ७००डीवरून त्या बॉडीवर गेलो तेव्हा लेन्स तीच जुनी होती, तरीही उडत्या पक्ष्यांचे ठेवण्याजोगे फोटो आधीच्या दुपटीहून जास्त मिळू लागले. वाया जाणारे फोटो तेव्हाही होतेच, फक्त ते वाया जाण्याचे कारण बदलले.

म्हणून माझी धागाकर्त्यांना विनंती आहे की सल्ला मागण्याआधी स्वतःचे टाकाऊ फोटो काढून बसावे. आपण नेहमी चांगले फोटो पुन्हा पुन्हा पाहतो आणि बिघडलेले पुसून टाकतो. वस्तुतः पुढची खरेदी काय असावी हे त्या बिघडलेल्या फोटोंनाच ठाऊक असते. गेल्या एक-दोन फेऱ्यांचे फोटो शंभर टक्के मोठे करून पाहावेत आणि प्रत्येकाचे कारण लिहून काढावे: पक्षी लहान आहे, फोकस मागे गेला आहे, पिसे हलली आहेत की हात हलला आहे. शेवटच्या दोन कारणांतला फरक ओळखता येतो. हात हलला असेल तर फांदीसकट सगळेच पुसट दिसते, आणि पक्षी हलला असेल तर फांदी स्वच्छ पण पंख पुसट दिसतात.

रानवाट (धागाकर्ता):

दोघांचेही मनापासून आभार. कार्ड अजून पुसले नव्हते, त्यामुळे मागच्या दोन फेऱ्यांतले नाकारलेले २८० फोटो काल रात्री एकेक करून पाहिले. १५० फोटोंत फोकस ठीक आहे, पण पक्षी लहान आहे. ७५ फोटोंत पंख किंवा मान पुसट आली आहे आणि फांदी मात्र स्वच्छ आहे. त्यांतल्या बहुतेकांची शटरगती १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी निघाली. उरलेल्या ५५ फोटोंत फोकस मागच्या लव्हाळ्यावर गेला आहे. कॅमेरा अडखळल्यामुळे जे फोटो निघालेच नाहीत, ते अर्थातच मोजता आले नाहीत.

एक गोष्ट लाजत कबूल करतो. लेन्समध्ये स्थिरीकरण आहे म्हणजे कमी शटरगती चालेल, अशी माझी समजूत होती.

जुनी काच:

ती समजूत जवळजवळ प्रत्येकाची असते. माझी तर बरीच वर्षे होती. स्थिरीकरण तुमचा हात सावरते, पक्ष्याचा पंख नव्हे. ते ७५ फोटो एक पैसाही खर्च न करता सुधारतील: बसलेल्या पण सतत मान वळवणाऱ्या पक्ष्यासाठी १/१००० आणि उडत्या किंवा सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० च्या खाली उतरू नये, आणि त्यासाठी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तरी बेलाशक करावा. दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, पुसट डोळा मात्र कशानेही परत आणता येत नाही.

लव्हाळ्यावर फोकस गेलेल्या ५५ फोटोंबाबत असा अंदाज आहे की तुम्ही नऊही बिंदू चालू ठेवत असाल आणि निवड कॅमेऱ्यावर सोडत असाल. फक्त मधला बिंदू ठेवा, एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस ठेवणारी पद्धत) लावा, आणि मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये जाऊन फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या तारांकित बटणाकडे द्या. पहिले दोन दिवस अंगठा चुकेल, पण नंतर जुन्या पद्धतीकडे परतावेसे वाटणार नाही. कॅमेरा अडखळण्यावर तात्पुरता उपाय म्हणजे सूर मारण्याच्या प्रसंगी रॉ सोडून जेपेगवर जाणे. मला स्वतःला ते आवडत नाही, पण फोटो न मिळण्यापेक्षा बरे.

उरले ते १५० फोटो, आणि त्यांना औषध एकच: लांब लेन्स. ‘उडता बगळा’ यांचे म्हणणे मला मान्य आहे. तुमचा आकडा उलटा असता, म्हणजे १५० फोटोंत फोकस हुकलेला असता, तर मीही ७डी मार्क २ च सुचवली असती.

उडता बगळा:

आकडे पाहिल्यावर मीही लेन्सच्या बाजूने आलो आहे. आता दोन्हींतली कोणती, याविषयी थोडे.

किमतीचा विचार न करता निव्वळ गुणवत्ता पाहिली तर १००-४०० ची दुसरी आवृत्ती उजवी आहे. ती एका मीटरपेक्षाही जवळ फोकस करते, त्यामुळे पक्षी नसतील तेव्हा चतुर आणि फुलपाखरेही टिपता येतात, आणि वजन दीड किलोच्या थोडे वर असल्याने दिवसभर हातात धरून फिरता येते. १९९८ ची पहिली आवृत्ती पुढे-मागे ढकलून झूम करायची आहे, तिचे स्थिरीकरण जुन्या पिढीचे आहे. ती आणि ही एकच समजून गल्लत करू नये. पण तुम्ही चालत फिरत नाही, एका जागी बसता, आणि तुमचा खंड्या पलीकडच्या काठावर आहे. अशा माणसाला जादाचे २०० मिमी १००-४०० च्या सगळ्या सोयींपेक्षा अधिक उपयोगी पडतात. म्हणून तुमच्यासाठी मी १५०-६०० म्हणेन.

मात्र तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. ७००डीची फोकस यंत्रणा एफ/५.६ पर्यंतच्या लेन्स गृहीत धरून बनवलेली आहे. ही लेन्स ६०० मिमीवर एफ/६.३ असूनही फोकस करते, पण पहाटेच्या अंधूक उजेडात चाचपडते. तेव्हा फोकसची मर्यादा ठरवणारे बटण दहा मीटर ते अनंत यावर ठेवावे, म्हणजे चाचपडण्याचा पल्ला कमी होतो. दुसरे असे की ७००डीमध्ये फोकसची सूक्ष्म जुळवणी करण्याची सोय नाही, त्यामुळे फोकस नेहमीच थोडा पुढे किंवा मागे पडत असेल तर कॅमेऱ्यातून काही करता येत नाही; सिग्माचा यूएसबी डॉक घेतल्यास ती जुळवणी लेन्समध्येच, वेगवेगळ्या अंतरांसाठी आणि वेगवेगळ्या झूमसाठी स्वतंत्रपणे करता येते. तिसरी गोष्ट लेन्सची नाही, हवेची आहे. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते आणि ६०० मिमीवर दूरचा पक्षी उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. तो दोष लेन्सचा समजून ती परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

तिपाई:

वापरलेली लेन्स घेणार असाल तर माझे चार शब्द. मोबाइलचा दिवा लेन्सच्या एका टोकाला धरून दुसऱ्या टोकातून तिरपे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि विकणारा कितीही सांगो, ती लेन्स घेऊ नये. धुळीचे चार-दोन कण दिसले तर बिघडत नाही. मोठ्या झूम लेन्समध्ये बुरशीइतकाच महत्त्वाचा, पण फारसा कोणी न तपासणारा दोष म्हणजे आतली एखादी काच किंचित सरकलेली असणे. तो ओळखण्यासाठी कॅमेरा तिवईवर ठेवून दूरच्या एखाद्या बारीक खुणेवर, उदाहरणार्थ पाटीवरच्या अक्षरांवर, सर्वांत मोठ्या ॲपर्चरने (लेन्सचे भोक पूर्ण उघडे ठेवून) चार फोटो काढावेत आणि प्रत्येक वेळी ती खूण चौकटीच्या वेगळ्या कोपऱ्यात आणून लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून) नव्याने फोकस करावा. तीन कोपरे स्पष्ट आणि चौथा पुसट आला, तर लेन्स खाली पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

पुढे कधी वापरलेली ७डी मार्क २ पाहाल तेव्हा शटर किती वेळा उघडले आहे हे जरूर विचारावे. त्या बॉडीचे शटर दोन लाख वेळा चालेल अशा हिशेबाने बनवलेले आहे. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत उमटत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो काढावा लागतो. विकणारा त्याला नकार देत असेल तर त्यातून जे समजायचे ते समजावे.

रानवाट (धागाकर्ता):

सर्वांचा ऋणी आहे. शटरगती आणि मधल्या बिंदूचा सल्ला आज सकाळीच अमलात आणला. अंगठा अपेक्षेप्रमाणे चारदा चुकला आणि एक घार हातची गेली, पण नंतर धोबीचे सलग अकरा फोटो पाहिले तर त्यांतल्या नऊ फोटोंत डोळा स्वच्छ आला आहे, तेही जुन्याच लेन्सवर.

एका परिचितांकडे १५०-६०० कंटेम्पररी आहे. ती रविवारी एका सकाळपुरती मागून घेतली आहे. पलीकडच्या त्याच फांदीचे ४०० आणि ६०० अशा दोन्ही ठिकाणी फोटो काढून आणतो, आणि त्या १.९ किलोंविषयी माझ्या खांद्याचे काय म्हणणे पडते, तेही इथेच लिहितो.