गेटजवळचे कावळे आणि परवानगीचा कागद

पाठारे (सेक्रेटरी, बी-१०२): सर्व सभासदांस नम्र विनंती. गेटजवळच्या गुलमोहरावर कावळ्यांनी पुन्हा घरटं केलं आहे. दूध आणायला जाताना आज तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात चोच मारली. रक्त आलं. फोटो टाकत आहे. कृपया हसू नये.

मोहिते (ए-३०४): काका, जपा. पण मी रोज तिथूनच जातो, मला कधी काही केलं नाही.

जोशी काकू (बी-४०१): मलाही नाही. उलट कठड्यावर येऊन पोळी घेऊन जातात.

शिंदे (सी-२०३): मागच्या मे महिन्यात याच झाडाच्या फांद्या तोडल्या. महापालिकेची परवानगी घेतली होती का? कागद ग्रुपवर टाकावा.

पाठारे: शिंदे साहेब, विषय माझ्या डोक्याचा चालू आहे.

लेले मॅडम (ए-१०१): पाठारे साहेब, राग मानू नका. तेव्हा झाडावर माणूस चढला होता आणि तुम्ही खाली उभे राहून "ती पण, ती पण" करत बोट दाखवत होतात. घरटं पडलं, दोन पिल्लं गेली. कावळे तासभर कोकलत होते. मी गॅलरीतूनच बघत होते. त्यांनी तुमचा चेहरा बघून ठेवलाय.

पाठारे: कावळ्याला काय कळतंय मॅडम! काहीतरीच.

केतन (डी-५०२): पितृपक्षात बघा काका, हेच कावळे पिंडाला शिवणार नाहीत.

जोशी काकू: केतन, जिवंत माणसाबद्दल असं बोलतात का? लहान आहेस म्हणून सोडते.

लेले मॅडम: मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून सांगते. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाचे प्राध्यापक होते. २००६ साली त्यांच्या लोकांनी गुहेतल्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून ७ कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. इजा काही केली नाही. नंतर कुणीही तो मुखवटा घालून फिरलं की कावळे डोक्यावर घिरट्या घालून शिव्या द्यायचे. टोपी घातली तरी ओळखायचे. दोनेक वर्षांनी एका फेरीत ५३ पैकी ४७ कावळे अंगावर ओरडले. पकडले होते फक्त ७.

मोहिते: बाकीच्या ४० जणांना कुणी सांगितलं? त्यांचाही ग्रुप असेल.

लेले मॅडम: जवळजवळ तसंच. एक ओरडला की बाकीचे जमतात आणि कुणावर ओरडतोय ते बघून ठेवतात. पिल्लं आईबापांकडून शिकतात. मुखवट्याने काहीच केलं नव्हतं, अशी नंतर जन्मलेली पिल्लंसुद्धा ओरडत होती.

केतन: म्हणजे आजोबांचं वैर नातवंडांना. आमच्या गावच्या बांधासारखंच.

लेले मॅडम: तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याच्याकडे कावळ्यांनी फारसं लक्षही दिलं नाही.

केतन: आपल्याकडच्या कुणाचा लावला असता तर...

पाठारे: ग्रुपवर राजकारण नको. नियम क्रमांक ४.

शिंदे: परवानगीचा कागद?

सावंत (डी-१०४): कावळ्यांचं चाललंय ते ठीक, पण कबुतरांना दाणे कोण टाकतंय? माझा एसी बघायला या एकदा.

शहा भाभी (डी-२०४): आम्ही जीवदया म्हणून टाकतो. कुणाला नाव घेऊन बोलायचं असेल तर घेऊन बोला.

सावंत: मी नाव घेतलेलं नाही. आपणच घेतलंत.

मोहिते: मॅडम, माझा एक प्रश्न. गावाकडे आम्ही नुसते खाली वाकलो की कावळे उडायचे. दगड हातात यायच्या आधीच. इथे मात्र पायाशी येऊन वडापावाचा तुकडा उचलतात. कावळा तोच ना?

लेले मॅडम: कावळा तोच, माणसं वेगळी. तिकडे वाकला म्हणजे दगड, इथे वाकला तर वडा सांडला. माणसाला किती जवळ येऊ द्यायचं हा हिशेब पक्षी सतत करत असतात. उगाच उडाला तर खाणं जातं, बसून राहिला तर जीव. शहरातले पक्षी गावच्यांपेक्षा बरंच जवळ येऊ देतात. कबुतरांना तर माणसाने हजारो वर्षं पाळलंय, शहा भाभींच्या आधीपासून.

शहा भाभी: मॅडम, तुम्ही पण?

जोशी काकू: पण थोडी भीती जन्मजात असतेच ना हो?

लेले मॅडम: असते. डार्विन १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर गेला, तिथे माणसाची वस्ती नुकती सुरू झाली होती. एका शिकारी पक्ष्याला त्याने बंदुकीच्या नळीनेच फांदीवरून ढकललं, इतके ते निर्धास्त. माणसाची भीती एका पक्ष्याच्या अंगी चटकन येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या मुरत जाते, असं त्याचं मत झालं. पण नेमकं कोणत्या माणसाला भ्यायचं हे अंड्यात नसतं. ते शिकावं लागतं. सिएटलचा कावळा आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, त्यामुळे मी पैज लावणार नाही. शिवाय घरट्यात पिल्लं असताना कावळे तसेही चिडलेले असतात. पण गेटवरून शंभर माणसं जातात आणि चोच एकालाच?

केतन: काका, रविवारी तुमची टोपी आणि शर्ट घालून मी जाऊन बघू? शास्त्रीय प्रयोग.

पाठारे: सगळ्यांना गंमत वाटते. मी विनामोबदला काम करतो. आजच राजीनामा देतो.

सावंत: मागच्या एजीएमला दिलेला परत घेतलात का?

जोशी काकू: पाठारे भाऊजी, मनावर घेऊ नका. पिल्लं उडेपर्यंत मागच्या गेटने जा. दूध मी आणत जाईन.

पाठारे: मागच्या गेटला कुलूप आहे.

मोहिते: काका, ते कुलूप तुम्हीच लावलंय.

शिंदे: परवानगीचा कागद? तिसऱ्यांदा विचारतोय.

पाठारे: हा मेसेज डिलीट केला गेला.

शिंदे: वाचला मी. स्क्रीनशॉट आहे.