मदत हवी आहे : आईची ओलापॅरिबची गोळी आणि घसरलेलं हिमोग्लोबिन

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आईला (वय ६१) अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, आता ओलापॅरिब सुरू आहे, ३०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. रक्ताच्या तपासणीत बीआरसीए१ जनुकात दोष निघाला, म्हणून हे औषध.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. डीएनएची एक दोरी तुटली की पार्प नावाचं एन्झाइम ती सांधायला धावतं. गोळी त्यालाच अडवते. मग पेशी दुभंगायच्या वेळी दोन्ही दोऱ्या तुटतात. निरोगी पेशी अशी तूट सांधणाऱ्या बीआरसीएच्या जिवावर सावरते. कॅन्सरच्या पेशीकडे तोही कारागीर नसतो, ती मरते. ऐकून बरं वाटलं होतं, खरं सांगते.

पण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वरून ८.२ वर आलंय. आई जिना चढताना मध्येच पायरीवर बसते. डॉक्टरांनी गोळी सध्या थांबवलीय, नंतर डोस कमी करून पुन्हा देणार. (शेजारच्या काकूंच्या रक्तवाढीच्या काढ्याला मी हात जोडलेत.)

तुमच्याकडे कुणी हे घेतलंय का? डोस कमी केल्यावर रक्त टिकलं का? मळमळीवर काय केलंत? आणि जनुकीय समुपदेशन नाशकात नीट कुठे होतं, की परळच गाठावं? मला आणि धाकट्या बहिणीला, प्रत्येकीला हा दोष आलेला असण्याची शक्यता ५० टक्के. तिचं लग्न ठरतंय, ती तपासणीचं नावच काढू देत नाही.